हाफला खेळणाऱ्या पोराचं पुढं काय?

कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांतून वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, संध्यामठ ही नावं इथल्या शाळकरी पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. यातले बरेच संघ तालमींचे आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचं मैदान उभं केलं, गल्लोगल्ली तालमी भरल्या. त्याच तालमींतल्या पोरांनी पुढं फुटबॉलचे संघ काढले आणि कुस्तीतली ईर्षा सोबत आणली. म्हणून आजही शाहू स्टेडियमवर दोन तालमींची मॅच असली की दुपारपासून पेठेतली दुकानं रिकामी होतात आणि स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात स्थानिक फुटबॉल लीगला इतकी गर्दी करणारं दुसरं शहर मला माहीत नाही.

माझं सगळं खेळणं याच मैदानावर झालं, तेही हाफच्या जागेवर. आमच्याकडं मिडफिल्डरला जुनी माणसं अजून हाफच म्हणतात. आता मी सकाळी गांधी मैदानावर लहान पोरांना शिकवतो. पोरांना सोडायला येणारे पालक मला एकच प्रश्न विचारतात : "सर, पोरगं चांगलं खेळतंय म्हणताय, पण ह्यात पुढं काय हाय?" प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

आधी हाफचं काम काय ते सांगतो, कारण पालकांना गोल दिसतो, हाफ दिसत नाही. मधल्या फळीतला खेळाडू नव्वद मिनिटांत साधारण दहा ते बारा किलोमीटर पळतो. मैदानावर सगळ्यांत जास्त पळणाऱ्यांत तोच असतो. एवढं पळून चेंडू प्रत्यक्ष त्याच्या पायात असतो तो फक्त दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ तो जागा धरतो, जागा सोडतो, समोरच्याची वाट अडवतो, आपल्या बॅकला आधार देतो. या फळीतही कामं वाटलेली असतात. सहा नंबरवाला बचावफळीपुढं उभा राहून हल्ला मोडतो. आठ नंबरवाला दोन्ही गोलपोस्टांच्या मधे सतत येरझाऱ्या घालतो. दहा नंबरवाला फॉरवर्डच्या मागं राहून शेवटचा पास काढतो. कडेनं पळणारे विंगर हीही बऱ्याच संघांत मधल्या फळीचीच माणसं असतात.

पण हाफचं खरं कसब पायात येण्याआधी मानेत येतं. नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं चित्रीकरण तपासलं. चेंडू मिळण्याआधी जे खेळाडू जास्त वेळा मान वळवून आजूबाजूला बघतात, त्यांचे पास जास्त वेळा बरोबर जातात, असं त्यांना आढळलं. बार्सिलोनाचा झावी हे सतत करायचा. चेंडू त्याच्याकडं निघालेला असतानाच पुढचा पास कुठं द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं.

मी पोरांना हे असं शिकवतो. एक पोरगा मधे उभा करायचा. त्याच्या पाठीमागं दोन पोरं, एकाच्या अंगात लाल जाळीची बंडी, दुसऱ्याच्या पिवळी. समोरून मी चेंडू देतो. चेंडू माझ्या पायातून सुटला की मागची दोघं जागा बदलतात. चेंडू पायाला लागायच्या आत मधल्या पोरानं मान वळवून बघायचं आणि डाव्या हाताला कोणता रंग आहे ते ओरडून सांगायचं. मग अर्धं वळत, लांबच्या पायानं चेंडू घ्यायचा आणि मोकळ्या बाजूला काढायचा. सुरुवातीला सगळ्यांची नजर चेंडूला चिकटलेली असते. रंग सांगायला गेलं की चेंडू पायाखालून निसटतो, चेंडू धरला की रंग चुकतो. आठवडे जातात. मग एखाद्या सकाळी एखादं पोरगं "पिवळा!" म्हणून ओरडतं, त्याच दमात वळतं आणि पास काढून मोकळं होतं. तेव्हा कळतं, हे पोरगं हाफ होणार.

नेमकं हेच कसब आमच्या प्रेक्षकाला पटकन दिसत नाही. आमच्याकडं टाळी पडते ती दोघा-तिघांना चकवून काढलेल्या चेंडूला. हाफनं साधा, वेळेवर पास दिला की पायऱ्यांवरून आवाज येतो, "आरं पास काय देतोस, मार की!" पोरगं ते ऐकतं. पुढच्या वेळी चेंडू आला की ते पास देत नाही, चकवायला जातं. एकदा साधतं, तीनदा चेंडू गमावतं, पण त्या एका वेळी पेठ उसळते. मैदान पोराला शिकवत असतं आणि आमचं मैदान पोराला फॉरवर्ड व्हायला शिकवतं. माझ्याकडं येणारं जवळजवळ प्रत्येक पोरगं म्हणतं, "सर, मला फॉरवर्डला खेळवा."

यातून बाहेर पडून कोल्हापूरच्या पोरानं व्यावसायिक फुटबॉल गाठला, त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण अनिकेत जाधवचं. जन्म 2000 सालचा, वडील रिक्षा चालवायचे. लहान वयातच तो कोल्हापूर सोडून पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. राज्य सरकारच्या या निवासी संस्थेत शाळा, राहणं, खाणं आणि सराव एकाच छताखाली होतो. तिथून पुणे एफसीच्या अकादमीत आणि मग भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघात. 6 ऑक्टोबर 2017 ला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारत पहिल्यांदा फुटबॉलच्या एका विश्वचषकात उतरला, समोर अमेरिका होती आणि भारताच्या हल्ल्याच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत होता. ती मॅच भारत 3-0 नं हरला. पण त्या रात्री कोल्हापुरातल्या प्रत्येक तालमीत टीव्हीपुढं माणसं बसली होती आणि आपलं पोरगं तिथं पोचू शकतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

त्याच संघाकडं मी हाफच्या नजरेनंही बघतो. कर्णधार अमरजितसिंग, सुरेशसिंग वांगजाम, जिक्सनसिंग हे मधल्या फळीतले तिघंही मणिपूरचे. 9 ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जिक्सननं कॉर्नरवर डोक्यानं मारलेला गोल हा कोणत्याही फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. सुरेश आणि जिक्सन पुढं भारताच्या मुख्य संघाच्या मधल्या फळीत स्थिरावले. मणिपूर हे छोटं राज्य, पण तिथं गावोगावी लहान पोरांचा फुटबॉल आहे आणि गुणी पोरं वेळेत अकादमीत जातात. अमरजित आणि जिक्सन लहानपणीच घर सोडून चंडीगडला शिकायला गेले. अनिकेत पुण्याला गेला तसेच. धडा एकच आहे. फॉरवर्ड कधीकधी गल्लीत घडतो. हाफ मात्र शिकवूनच घडवावा लागतो आणि शिकवणी बारा-तेराव्या वर्षाच्या आत सुरू झाली तरच ती अंगात मुरते.

विश्वचषकानंतर ही पोरं इंडियन ॲरोज या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संघातून आय-लीग खेळली. नोव्हेंबर 2017 मध्ये गोव्यातल्या पहिल्याच मॅचमध्ये या पोरसवदा संघानं चेन्नई सिटीला 3-0 नं हरवलं, त्यात दोन गोल अनिकेतचे. 2019 मध्ये तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं काही महिने सरावाला गेला. हा क्लब पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. परत आल्यावर जमशेदपूर, मग हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा असा त्याचा इंडियन सुपर लीगमधला प्रवास झाला. 20 मार्च 2022 ला हैदराबादनं फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून लीगचं विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता.

या प्रवासात एक गोष्ट पालकांनी नीट बघावी. विश्वचषकात फॉरवर्ड असलेला अनिकेत व्यावसायिक लीगमध्ये बहुतेक वेळा कडेनं, विंगर म्हणून खेळला. आपल्या लीगमध्ये क्लब मधला फॉरवर्ड बहुधा परदेशी घेतात. 2021-22 पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू असा नियम झाला, तरी गोल मारायच्या जागेवर परदेशी माणूस ही सवय राहिलीच. मग भारतीय फॉरवर्डला कडेला जावं लागतं, मागं येऊन बचाव करावा लागतो, म्हणजे हाफचं काम शिकावं लागतं. ज्याला ते येतं तो टिकतो. कोल्हापूरचाच निखिल कदमही मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड अशा क्लबांतून मधल्या फळीत खेळला. फॉरवर्ड व्हायची हौस असलेल्या पोरालाही हाफचं शिक्षण द्यायला हवं, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता पोटापाण्याचं. व्यावसायिक खेळाडूला क्लबशी करार मिळतो, बहुधा एक ते तीन वर्षांचा. सुपर लीगमधल्या चांगल्या खेळाडूला त्यात घर सावरण्याएवढे पैसे मिळतात, खालच्या लीगमध्ये फार कमी. करार संपला की पुन्हा शोधाशोध. बहुतेकांची कारकीर्द विशीच्या सुरुवातीला चालू होऊन तेहतीस-पस्तिशीत संपते. त्यात हाफला एक फायदा आहे. वेग कमी झाला तरी डोकं चालत असेल तर तो टिकतो. क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर 2018 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी मिळाला आणि चाळिशीतही तो मिलानकडून मधल्या फळीत खेळतो आहे. दुसरी बाजूही सांगतो. 2024 चा बॅलन डी'ओर स्पेनच्या रॉड्रीला मिळाला तेव्हा तो कुबड्यांवर व्यासपीठावर आला. महिन्याभरापूर्वीच त्याच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. ही दुखापत झाली की आठ-नऊ महिने किंवा जास्त काळ जातो. मोठ्या क्लबच्या खेळाडूला डॉक्टर, फिजिओ, पगार सगळं असतं. गल्लीतल्या पोराचा गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च घरावर येतो आणि बहुतेक वेळा खेळ तिथंच थांबतो.

आणि क्लबच नाहीसे झाले तर? महाराष्ट्रानं हे फार जवळून बघितलंय. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसी 2015 मध्ये गेला. भारत एफसी एक हंगाम खेळून आवरला. डीएसके शिवाजीयन्स 2017 नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला, त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली आणि 2025 मध्ये तो हैदराबादचा क्लबही दिल्लीला गेला. ज्या पुण्यात कोल्हापूरची पोरं एसटीत बसून काही तासांत पोचायची, तिथं आज सुपर लीगचा एकही क्लब नाही. या लीगमध्ये सगळ्या महाराष्ट्रातून एकटा मुंबई सिटी उरला आहे. 2025 मध्ये तर महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आल्यानं हंगामच वेळेवर सुरू झाला नाही, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. कराराचा कागद हातात असलेली नामवंत पोरं घरी बसून होती. हे मी पालकांपासून लपवत नाही. पोराला फुटबॉल खेळवायचा तर शाळा सोडायची नाही, हा माझा पहिला नियम त्यातूनच आलेला आहे.

शाळा सुटली नाही तर फुटबॉल बरंच काही देतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, त्याला राष्ट्रीय, राज्य पातळीवरची प्रमाणपत्रं लागतात. महासंघाचे प्रशिक्षकाचे परवाने डी पासून सुरू होतात, पुढं सी, बी, ए असे वर जातात. पंच, फिजिओ, खेळाचं विश्लेषण करणारे यांना काम आहे. हाफ म्हणून खेळलेला माणूस यात चांगला रुळतो, कारण त्याला सगळं मैदान वाचायची सवय असते. मुलींसाठीही दार उघडलंय. एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीग खेळला आहे. माझ्या सरावातल्या मुली मान वळवून बघायला मुलांपेक्षा लवकर शिकतात, हा माझा अनुभव आहे.

मग कोल्हापूर एवढं फुटबॉलवेडं असून देशाच्या मधल्या फळीत कोल्हापूरची पोरं रांगेनं का दिसत नाहीत? पोरांत कमी नाही. ताकद, जिगर, चेंडूवरचा ताबा सगळं आहे. आमची सगळी शक्ती सीनियर संघावर खर्च होते, हे खरं कारण आहे. तालमीचा संघ जिंकावा म्हणून वर्गणी निघते, बाहेरून खेळाडू आणले जातात, आफ्रिकेतले खेळाडूही आणले जातात. त्यांच्यासोबत खेळून आमची पोरं शिकतात, हे खरं आहे. पण मधल्या फळीतली जागा त्यांनी घेतली की अठरा-एकोणीस वर्षांचा आमचा हाफ बाकावर बसतो. नेमक्या त्या वयात त्याला मॅचची मिनिटं हवी असतात. ईर्षा हाताबाहेर गेली की मारामाऱ्या होतात, स्पर्धा थांबतात. भोगतात ती खेळणारी पोरं.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक तालमीनं सीनियर संघाइतक्याच मानानं तेरा आणि पंधरा वर्षांखालचा संघ चालवावा. महासंघानं 2018 मध्ये लहान मुलांसाठी गोल्डन बेबी लीगची कल्पना आणली. अशा लीगमध्ये लहान मैदानावर कमी खेळाडू असतात, त्यामुळं प्रत्येकाच्या पायाला चेंडू सारखा लागतो. आठ-नऊ वर्षांच्या पोराला अकरा जणांच्या मोठ्या मैदानावर उतरवलं तर चेंडूमागं नुसती पळापळ होते आणि मान वळवून बघायची सवय कधी लागतच नाही. अशा लीग वर्षभर चालाव्यात, एका आठवड्यात उरकल्या जाणाऱ्या स्पर्धेनं खेळाडू घडत नाही. मोठ्या स्पर्धेच्या बक्षिसाचा एक हिस्सा तालमीच्या पोरांच्या प्रशिक्षकाला पगार म्हणून मिळावा. आणि मैदानं राखावीत. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात दगडासारखी जमीन होते, आणि तिथं पडलेलं पोरगं गुडघा फोडून घेतं. हिरवळीवर चेंडू सरळ घसरत येतो, पास देता येतो. उंचसखल जमिनीवर चेंडू उडतो आणि पोरगं आपोआप लांब मारायला शिकतं.

पालकांना माझं सांगणं असं. पोराला खेळू द्या, तेरा वर्षांच्या आत त्याला एखाद्या शिकलेल्या प्रशिक्षकाकडं पाठवा, क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची माहिती शाळेतल्या क्रीडाशिक्षकाकडून काढा. दहावी-बारावी होऊ द्या. गोल किती मारले हे घरी आल्यावर विचारू नका, किती जणांना चेंडू दिला ते विचारा. आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या माझ्या कोल्हापूरकरांना हात जोडून एक विनंती. पुढच्या मॅचला तुमच्या तालमीचा हाफ मान वळवून बघेल, साधा पास देईल आणि पुन्हा आपल्या जागेवर जाईल. त्या पासालाही टाळी द्या. पायऱ्यांवरची टाळी बदलली तर मैदानातली पोरं बदलतील. हे काम आपल्याला कुणाची परवानगी न घेता, उद्याच्या मॅचपासून करता येईल.